"मला दिसलंच नाही!": ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधली शस्त्रं, जादू आणि दृश्य स्पष्टता यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेड वाइप झाली, म्हणजे बॉसशी (गेममधल्या बलाढ्य शत्रूशी) लढताना सगळा गट मेला, की व्हॉइस चॅटवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मला दिसलंच नाही." निम्म्या वेळा ती सबब असते. उरलेल्या निम्म्या वेळा ते अक्षरशः खरं असतं, आणि हे पान त्या दुसऱ्या निम्म्यासाठी आहे. मी बरीच वर्षं हीलर, म्हणजे साथीदारांना बरं करणारं पात्र, खेळतोय. त्यामुळे पडद्यावरच्या गर्दीवर माझा राग इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दृश्य स्पष्टता म्हणजे चांगले ग्राफिक्सच ना?

नाही. ग्राफिक्स डोळ्यांचं पारणं फेडणारे आहेत आणि तरी लढाईत काय चाललंय ते कळत नाही, असे गेम पैशाला पासरी मिळतील. एका नजरेत तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: कोण काय करायच्या बेतात आहे, ते कुठे पडणार, आणि माझ्या हातात किती वेळ आहे. तलवारीच्या मुठीवरचं नक्षीकाम शहरात उभं राहून मिरवायला ठीक. लढाईत बघायचं ते एवढंच, की ती उगारली आहे की नाही.

माझा हिशेब साधा आहे. जी गोष्ट माझा पुढचा निर्णय बदलू शकते, ती ठळक दिसावी. आधी बॉसचा हल्ला, मग माझी स्वतःची जादू, मग साथीदारांच्या कामाच्या गोष्टी, म्हणजे ढाल किंवा बरं करणारं वर्तुळ, आणि सगळ्यात शेवटी बाकीची आतषबाजी. बऱ्याच गेममध्ये हा क्रम नेमका उलटा असतो, कारण आतषबाजी खेळाडू विकत घेतात. बॉसचा हल्ला कोणी विकत घेत नाही.

वीस जण एकत्र लढायला लागले की पडदा पांढराफटक का होतो?

याचं उत्तर बेरजेत आहे.

आग, धूर, ठिणग्या यांना ठाम पृष्ठभाग नसतो, म्हणून त्या असंख्य बारीक कणांनी दाखवतात. पार्टिकल सिस्टिम नावाची ही पद्धत विल्यम रीव्ज यांनी १९८३ साली मांडली आणि आजही गेममधली बहुतेक जादू तिच्यावरच चालते. गेममध्ये प्रत्येक कण म्हणजे एक छोटंसं अर्धपारदर्शक चित्र. ते चमकतंय असं भासवायचं असेल, तर त्याचा रंग मागच्या रंगात सरळ मिळवतात. पडद्यावरच्या रंगाचे तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा, आणि साध्या पडद्यावर प्रत्येकाची मर्यादा २५५. आता एकाने नारिंगी अग्निगोळा टाकला: २५५, १४०, ०. त्याच जागी दुसऱ्याची निळी वीज पडली: ६०, १२०, २५५. बेरीज केली तर तिन्ही आकडे २५५ ला टेकतात किंवा पुढे जातात. म्हणजे शुद्ध पांढरा. दोनच जादू, आणि रंग संपला! तिथे तर वीस जण आहेत.

त्यावर ब्लूम नावाचा इफेक्ट येतो. तो उजळ भागाचा उजेड आजूबाजूला पसरवतो. एचडीआर (जास्त उजळ रंगही दाखवणारी पद्धत) असलेल्या गेममध्ये गणित जरा वेगळं होतं, गर्दीत शेवट साधारण हाच.

आणखी एक भानगड. एकावर एक कण पडले की तोच पिक्सेल पुनःपुन्हा रंगवावा लागतो आणि ग्राफिक्स कार्डची दमछाक होते. सेकंदाला ६० फ्रेम चालू असताना एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. वेग २० वर घसरला, तर दोन फ्रेममध्ये ५० मिलिसेकंदांची फट पडते. ही फट पडते कधी? सगळ्यांनी मोठे मोठे हल्ले एकदम सोडले की, म्हणजे नेमकं जेव्हा नीट दिसणं सगळ्यात गरजेचं असतं तेव्हा.

मग सगळे इफेक्ट बंद करून टाकू का?

मुळीच नको. मी केलं होतं. एका गेममध्ये फ्रेम वाढवायच्या नादात सेटिंगमधल्या सगळ्या पट्ट्या शून्यावर नेल्या. त्यातली एक जमिनीवर खुणा उमटवणारी होती. पुढचे दोन तास मी आगीत उभा राहून "आग कुठंय?" असं विचारत होतो, आणि बाकीच्यांना वाटलं मी गंमत करतोय.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधलं 'प्रोजेक्टेड टेक्श्चर्स' हे सेटिंग याच जातीचं. नाव ऐकून सजावट वाटते, पण जमिनीवरच्या बऱ्याच धोक्याच्या खुणा त्याच्याच भरवशावर असतात. उलट 'स्पेल डेन्सिटी'ची पट्टी इतरांच्या जादूची गर्दी कमी करते, तिला खुशाल खाली ओढा. फायनल फँटसी १४ मध्ये स्वतःचे, पार्टीचे (आपल्या गटाचे) आणि इतरांचे इफेक्ट वेगवेगळे ठरवता येतात: सगळे, मर्यादित किंवा काहीच नाही. असं तीन भागांत तोडणं प्रत्येक गेमने उचलावं. मी स्वतःचे आणि पार्टीचे मर्यादित ठेवतो, परक्यांचे पूर्ण बंद. पार्टीचे पूर्ण बंद करू नका. हीलरने टाकलेलं संरक्षक वर्तुळ त्याबरोबर गायब होऊ शकतं, आणि मग तुम्ही त्याच्या बाहेर उभे राहून हीलरलाच बोल लावता.

कुठून सुरुवात करायची म्हणाल, तर मोशन ब्लर, ब्लूम, कॅमेरा हलणं आणि दूरचं धूसर करणारं डेप्थ ऑफ फील्ड, ही चौकडी आधी घालवा. मग परक्यांचे इफेक्ट. टेक्श्चर आणि सावल्या कमी केल्याने मशीनला आराम मिळेल, पण लढाई वाचायला फारशी मदत होणार नाही. एकेक पट्टी बदला आणि सरावाच्या पुतळ्यासमोर नाही, खऱ्या लढाईत तपासा.

शस्त्रं एवढी अवाढव्य का असतात? ती तलवार आहे की दार?

हसू येतं खरं, पण त्यामागे हिशेब आहे. १०८० ओळींच्या पडद्यावर कॅमेरा मागे नेला, की तुमचं पात्र साधारण १२० पिक्सेल उंच दिसतं असं धरा. माणूस १८० सेंटिमीटरचा, म्हणजे एक पिक्सेल दीड सेंटिमीटरचा. खऱ्या तलवारीचं पातं ५ सेंटिमीटर रुंद धरलं तर ते पडद्यावर जेमतेम ३ पिक्सेल भरतं. खंजीर तर दिसणारच नाही. म्हणून चित्रकार पातं फुगवतो, कुऱ्हाडीचं डोकं मोठं करतो, जादूगाराच्या काठीच्या टोकाला काहीतरी लोंबतं ठेवतो. २००४ साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधली ती प्रसिद्ध खांद्यांची चिलखतं आणि राक्षसी हातोडे दुरूनही ओळखू येतात ते यामुळेच.

कसोटी छायाकृतीची. शस्त्रासकट पात्र पूर्ण काळं करा. ते काय आहे हे तरीही सांगता आलं, तर आकार पास. २००७ च्या टीम फोर्ट्रेस २ मध्ये हे फार शिस्तीने केलंय. तो रोल-प्लेइंग गेम नाही, नेमबाजीचा आहे, पण धडा सगळ्यांच्या कामाचा. कोणता क्लास (पात्राचा प्रकार) हे छायाकृतीवरून कळतं, आपला की शत्रूचा हे रंगावरून, आणि हातात काय आहे हे कळावं म्हणून पात्र पायाशी गडद आणि छातीपाशी, जिथे शस्त्र धरलेलं असतं, उजळ ठेवलंय. नजर आपोआप तिथे जाते.

फायनल फँटसी १४ मध्ये तर शस्त्र बदललं की क्लासच बदलतो. त्यामुळे अनोळखी पार्टीत शिरल्यावर पाठीवरच्या शस्त्रांकडे एक नजर टाकली, तरी कोण काय करणार याचा अंदाज येतो.

स्किन आणि ट्रान्समॉगमुळे (शस्त्रा-कपड्यांचं नुसतं रूप बदलण्यामुळे) सगळी वाट लागते का?

बॉसशी लढताना फारशी नाही. बॉसला तुमच्या कपड्यांशी देणंघेणं नसतं. खेळाडूविरुद्ध खेळाडू असेल तर मात्र हो. समोरच्याच्या हातात काय आहे हे ओळखण्यावरच तिथे सगळा डाव असतो.

शस्त्राचं रूप बदलायची सोय वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०११ साली आली, फायनल फँटसी १४ मध्ये २०१४ साली. धनुष्याचं रूप धनुष्यालाच, काठीचं काठीलाच, एवढं बंधन पाळलं तर छायाकृती शाबूत राहते. गिल्ड वॉर्स २ मध्ये 'द ड्रीमर' नावाचं धनुष्य आहे, त्यातून बाणाऐवजी युनिकॉर्न सुटतात. पहिल्यांदा बघून मी मनापासून हसलो होतो. पण त्याच गेमने खेळाडूंच्या आपसातल्या लढायांसाठी शत्रूला ठरावीक साच्यातल्या रूपात दाखवायचा पर्यायही दिलाय, आणि मला तो जास्त आवडतो. मालकाला त्याची हौस त्याच्या पडद्यावर पुरवू द्या, माझ्या पडद्यावर मला माहिती हवी.

चमक नेहमीच उपद्रवी असते असंही नाही. लिनिएज २ मध्ये एन्चांट (जादूने दिलेलं बळ) वाढवलेलं शस्त्र झळाळतं. ती शोभा आहेच, शिवाय इशाराही: याच्या वाटेला जाण्याआधी विचार करा.

जमिनीवर धोक्याची वर्तुळं दाखवणं म्हणजे उत्तरपत्रिका आधीच फोडणं नाही का?

या प्रश्नावर मी भांडायला तयार असतो.

जुन्या गेममध्ये वर्तुळं नव्हती, तरी वाचायला काहीतरी होतंच. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये जादूगाराने मंत्र सुरू केला की त्याचे शब्द डोक्यावर उमटायचे. 'कॉर्प पोर' दिसलं की ऊर्जेचा बाण येतोय, 'काल वास फ्लाम' दिसलं की ज्वाळांचा लोट. मुरलेले खेळाडू शत्रूचा मंत्र अर्ध्यात ओळखून उलटा डाव टाकायचे. चमक जवळजवळ नाही, पण स्पष्टता शंभर टक्के.

दुसरं उदाहरण रूनस्केपमधल्या जाडचं. हा बॉस दोन तऱ्हेने लांबून मारतो. मागच्या पायांवर उभा राहिला तर जादू, पुढचे पाय जमिनीवर आपटले तर अस्त्र. ते बघून तुम्ही त्या माऱ्यापासून वाचवणारी प्रार्थना लावायची. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये त्याचा एक फटका ९७ पर्यंत जातो आणि खेळाडूची जीवनशक्तीची (हिटपॉइंट्सची) पातळी जास्तीत जास्त ९९, म्हणजे चुकलात तर एका फटक्यात मरणाच्या दारात. गेमचं घड्याळ ०.६ सेकंदांच्या टप्प्यांनी चालतं. चित्र ओबडधोबड, पण दोन हालचालींत गल्लत व्हायला जागाच नाही, म्हणून तिथे मेल्यावर खेळाडू गेमला शिव्या देत नाही, स्वतःला देतो. स्पष्टतेची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

वर्तुळांचं दुसरं टोक म्हणजे २०१४ चा वाइल्डस्टार. त्याची सगळी लढाईच जमिनीवर उमटणाऱ्या आकारांवर बेतलेली होती. २०१८ मध्ये तो बंद पडला. त्याची कारणं अर्थातच एवढीच नव्हती, पण त्या रंगीत फरशीकडे बघत खेळताना राक्षसाचं तोंड बघायला सवड मिळत नसे, हे खरं.

फायनल फँटसी १४ ची वाट मला मधली वाटते. सोप्या लढाईत नारिंगी आकार दाखवायचे, आणि अवघड लढाईत त्यातले बरेच काढून बॉसच्या हालचालीवर आणि कास्ट बारवरच्या (मंत्र किती पुरा झाला ते दाखवणाऱ्या पट्टीवरच्या) नावावर सोडायचं. वर्तुळ शिकवायला ठेवा, मग हळूच काढून घ्या. जिथे तोच बॉस वीस जणांच्या आतषबाजीत बुडालेला असतो आणि वर्तुळही नसतं, तिथे मात्र अवघडपणाच्या नावाखाली आळशीपणा चाललेला असतो.

मी वर्तुळाबाहेर होतो तरी मार लागला. गेम चीटिंग करतोय का?

करत नाही, पण खोटं दाखवतोय. तुम्ही कुठे आहात हे सर्व्हर ठरवतो आणि त्याला तुमची जागा जरा उशिरा कळते. पिंग (माहिती सर्व्हरकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंद असेल, तर तुम्ही बघता ते दृश्य सुमारे १०० मिलिसेकंद जुनं आणि सर्व्हरला तुमची हालचाल कळायला तेवढाच वेळ. पात्र सेकंदाला ६ मीटर पळत असेल, तर मिळून १.२ मीटरचा फरक पडला. त्यात दिसलेल्या गोष्टीवर हात हलायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, ते वेगळेच.

शिवाय बऱ्याच गेममध्ये मार कोणाला लागणार हे कास्ट बार संपताक्षणी ठरतं. फायनल फँटसी १४ मध्ये तसंच आहे. स्फोट त्यानंतर रंगवला जातो. म्हणून कास्ट संपल्यावर वर्तुळात शिरलात तर काही होत नाही, आणि संपल्यावर बाहेर पडलात तर उपयोग होत नाही. डोळे बारवर ठेवा, स्फोटावर नको.

मला लाल आणि हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत. माझ्यासाठी काय?

तुम्ही एकटे नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ०.५ टक्के लोकांना लाल-हिरव्याची रंगांधता असते. तरी शत्रूचं वर्तुळ लाल आणि मित्राचं हिरवं, ही सवय गेम बनवणाऱ्यांची सुटत नाही.

संपूर्ण पडद्याचे रंग फिरवणारा फिल्टर बहुतेक ठिकाणी मिळतो, पण तो सगळंच बदलतो आणि धोका वेगळा उठून दिसेल याची खात्री देत नाही. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये शत्रूच्या आणि मित्राच्या खुणांचा रंग आणि उजळपणा तुमचा तुम्ही निवडता. हा खरा उपाय. निळा आणि नारिंगी ही जोडी बहुतेकांना वेगळी दिसते. त्याहून चांगलं म्हणजे रंगावर विसंबायचंच नाही: धोक्याला दातेरी कडा, मदतीला गोल गुळगुळीत. वेबसाठीच्या २०१८ च्या सुलभता निकषांत महत्त्वाच्या आकृतीचा शेजारच्या रंगाशी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट मागितलाय. लाव्हाच्या जमिनीवर नारिंगी वर्तुळ काढणाऱ्यांनी तो एकदा मोजून बघावा.

सतत लखलखाट होऊन त्रास होतो. हे गंभीर आहे का?

असू शकतं. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये एका कार्टून मालिकेत लाल-निळा लखलखाट दाखवला गेला आणि ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, बहुतेक मुलं. त्याच सुलभता निकषांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगझगाट नको, असंही म्हटलंय. खोलीत दिवा लावून खेळा, पडद्यापासून लांब बसा, लखलखाट कमी करायचं सेटिंग असेल तर लावा. अचानक विचित्र वाटलं तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मान वळवा. दोन्ही डोळे नुसते मिटून भागत नाही. असं पुन्हा झालं तर गेम राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.

साथीदाराचा पाळीव राक्षस बॉससमोर उभा राहतो. काय करू?

त्याला सांगा लहान करायला. फायनल फँटसी १४ मध्ये /पेटसाइज या कमांडने तसं होतं. गोड बोलून सांगा, लोकांचा त्यांच्या राक्षसावर जीव असतो.

मंत्र तोडता येईल की नाही हे कसं ओळखायचं?

पात्राकडे बघून नाही, नेमप्लेटवरच्या (शत्रूच्या डोक्यावरच्या नावपट्टीवरच्या) कास्ट बारकडे बघून. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये न तोडता येणाऱ्या मंत्राच्या बारवर ढालीची खूण असते. नेमप्लेट मोठ्या करा आणि शत्रूच्या कायम दिसत राहतील असं ठेवा.

अपस्केलिंग लावल्यापासून जादूला शेपूट फुटलंय. माझा भ्रम आहे का?

भ्रम नाही. अपस्केलिंग म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करणं. डीएलएसएस, एफएसआर (दुसऱ्या आवृत्तीपासून) किंवा कडा गुळगुळीत करणारं टीएए मागच्या फ्रेममधली माहिती वापरून चित्र घडवतात. कुठला पिक्सेल कुठे सरकला याची नोंद पारदर्शक कणांसाठी बरेचदा नसते, म्हणून बारीक ठिणग्या मागे धूसर रेघ सोडतात. अपस्केलिंगची पातळी 'क्वालिटी'वर न्या, नाहीतर बंद करून बघा.

आवाजाचा काही उपयोग होतो?

प्रचंड. माणूस आवाजाला दृश्यापेक्षा थोडा लवकर प्रतिसाद देतो, आणि आवाज कॅमेऱ्याच्या मागूनही ऐकू येतो. पार्श्वसंगीत कमी करा, इफेक्टचा आवाज वर ठेवा. परक्या खेळाडूंचे आवाज वेगळे कमी करता येत असतील तर सोन्याहून पिवळं.

मी स्वतः छोटा गेम बनवतोय. जादू काढताना कुठे लक्ष देऊ?

प्रत्येक हल्ल्याचे तीन भाग असतात: तयारी, आघात आणि विरणं. नवशिके सगळा जीव आघातात ओततात आणि मग धूर चार सेकंद रेंगाळत ठेवतात. उलट करा. तयारी स्वच्छ आणि ठळक, आघात जोरदार पण क्षणाचा, विरणं जवळजवळ नाहीच. पडद्यावरची घाण बहुतेक त्या शेवटच्या भागाने साठते.

एक रंग फक्त धोक्यासाठी राखून ठेवा आणि तो कोणत्याही स्किनमध्ये विकू नका, दुकानवाले कितीही मागे लागले तरी. रंग नुसता बेरजेने मिळवू नका. काही कण मागचं झाकणारे ठेवले, तर आकाराला कड राहते. स्क्रीनशॉट करड्या रंगात बदलून बघा, मग अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. धोका तरीही ओळखू आला पाहिजे. आणि चाचणी एकट्याने करू नका. एका जादूगारासोबत सगळे गेम स्पष्टच दिसतात.

गेम बनवणाऱ्यांकडे याची तक्रार कशी करू?

"खूप गर्दी आहे" असं लिहू नका, त्यावर कोणाला काही करता येत नाही. वीस सेकंदांचा व्हिडिओ जोडा, स्क्रीनशॉट नको, कारण अडचण वेळेतली आहे. कोणता हल्ला, कितव्या सेकंदाला दिसायला हवा होता आणि त्याच्यावर काय आलं, ते लिहा. इफेक्टची सेटिंग्ज, रेझोल्यूशन, पिंग आणि तेव्हा किती खेळाडू होते हेही द्या. व्हिडिओत जमिनीच्या खुणा चालू आहेत ना, हे पाठवण्याआधी एकदा बघून घ्या. मी नव्हतं बघितलं.